आधी माप, मग माल : घरच्या छोट्या लेथला जोडसाहित्य बसवताना

घरी छोटा लेथ घेतलेल्या वाचकांचे प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा तेच येतात. सोबत आलेला ८० मिमीचा चक लहान पडतो, तिथे १०० मिमीचा बसेल का? क्विक चेंज टूलपोस्ट घेतला तरी फिनिश का येत नाही? बेअरिंग बदलली तर मशीन अचूक होईल का? मोटर आधी बदलावी की डीआरओ (डिजिटल रीडआउट) आधी लावावा? प्रश्न वेगवेगळे दिसले तरी गोंधळ एकच आहे: लेथ चुकतो कुठे हे न मोजताच आपण बाजारात कोणती वस्तू चांगली याची चौकशी करतो. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे, की जोडसाहित्याचा क्रम कॅटलॉग पाहून ठरवू नका. तुमच्याच लेथवर घेतलेल्या मापांवरून ठरवा. असे केले तर खर्च कमी होतो आणि अनेकदा काही विकत घेण्याची गरजच उरत नाही.

इथे छोटा लेथ म्हणजे बेडवर साधारण १८० मिमी व्यासाचा जॉब फिरेल आणि दोन सेंटरमध्ये ३५० मिमी लांबीचा बसेल असा, सुमारे ४० किलोचा, सिंगल फेजवर चालणारा टेबलावरचा लेथ. परभणी जिल्ह्यात अशा मशीनसमोर येणारी कामे बहुतेक शेतीची असतात: पेरणी यंत्राच्या पिना आणि बुश, मळणी यंत्राच्या पुल्या, फवारणी पंपाचे सुटे भाग, लहान मोटरच्या शाफ्टवरची बेअरिंगची बैठक. बुशात सैल फिरणाऱ्या पिनेला दशांश मिलिमीटरची चूक सहज चालते. २५ मिमीच्या शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसवायचे असेल, तर के ६ फिटप्रमाणे माप २५ मिमीहून २ ते १५ मायक्रॉन जास्त लागते. म्हणजे खेळायला जागा उरते जेमतेम १३ मायक्रॉनची. तुमचे काम या दोन टोकांमध्ये कुठे बसते, हे ठरल्याशिवाय ‘अपग्रेड’ या शब्दाला अर्थ येत नाही.

जोड काय देते आणि काय देत नाही

टूलचे टोक धातूत शिरते तेव्हा त्याचा जोर टूलपोस्ट, कंपाउंड, क्रॉस स्लाइड, कॅरेज, बेड, हेडस्टॉक, बेअरिंग, स्पिंडल आणि चक अशा वाटेने फिरून पुन्हा जॉबपर्यंत येतो. या वाटेवर कुठेही ढिलाई असली, की ती जॉबवर उमटते. एक भाग उत्तम केला म्हणून बाकीच्यांची ढिलाई जात नाही. क्रॉस स्लाइडची गिब (स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी) सैल असेल, तर तिच्यावर कितीही महागडा टूलपोस्ट ठेवा, तो तिच्यासोबत हलणारच. म्हणून कोणतीही वस्तू घेण्याआधी ती पुढील चारपैकी नेमके काय देणार आहे, हे स्वतःला विचारा:

- अचूकता: चार जॉचा चक, कोलेट चक, नीट प्रीलोड दिलेली बेअरिंग.
- वेळ: क्विक चेंज टूलपोस्ट, लिव्हरने आवळणारा टेलस्टॉक, डीआरओ.
- क्षमता: मोठा चक, स्टेडी रेस्ट, कमी वेगातही जोर धरणारी मोटर.
- सुरक्षितता: चकचे गार्ड, इमर्जन्सी स्विच, योग्य अर्थिंग.

निराशा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. वेळ वाचवणारी वस्तू अचूकतेच्या आशेने घेतली जाते. डीआरओ स्लाइड किती सरकली ते दाखवतो, स्लाइडमधला प्ले काढत नाही. क्विक चेंज टूलपोस्ट दहा टूल्स पटापट बदलू देतो, चक ०.०८ मिमी वाकडा फिरत असेल, तर त्यात तो काहीच करू शकत नाही.

खरेदीआधीची पाच मापे

यासाठी ०.०१ मिमीचा डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड, ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर आणि सरळ ब्राइट बारचा एक तुकडा लागतो. डिजिटल व्हर्नियर इथे पुरत नाही. त्याच्या पडद्यावर ०.०१ दिसते, पण स्वस्त व्हर्नियरची खरी अचूकता ±०.०२ ते ०.०३ मिमीच्या आसपास असते. शोधायची चूकही तेवढीच असेल, तर माप आणि अंदाज यांत फरक राहत नाही.

1. स्पिंडल: चक काढा, स्पिंडलच्या आतल्या टेपरवर डायल लावा आणि स्पिंडल हाताने फिरवा. मग स्पिंडल पुढे-मागे दाबून बघा. काटा दोन्ही वेळा ०.०१ मिमीच्या आत राहिला, तर बेअरिंगला हात लावण्याचे कारण नाही.
2. चक: ब्राइट बार पकडून जॉपासून २० मिमीवर डायल लावा. तीन जॉच्या चकला ०.०५ ते ०.१ मिमी रनआउट असणे सर्वसाधारण आहे. स्पिंडल सरळ आणि चक वाकडा असेल, तर दोष कुठे आहे ते कळले.
3. दोन कॉलर: २५ मिमीचा बार चकबाहेर १०० मिमी ठेवा आणि टेलस्टॉक लावू नका. मधला भाग थोडा बारीक करून दोन टोकांना दोन कॉलर ठेवा. क्रॉस स्लाइड न हलवता दोन्हींवर हलका कट घ्या, तोच कट पुन्हा एकदा फिरवा आणि दोन्ही कॉलर मायक्रोमीटरने मोजा. फरक ०.०२ मिमीच्या आत असेल, तर घरच्या कामाला तो चालतो.
4. टेलस्टॉक: दोन सेंटरमध्ये बार धरून हेच करा. दोन टोकांच्या व्यासात जेवढा फरक येईल, त्याच्या निम्मा टेलस्टॉक बाजूला सरकलेला आहे.
5. ढिलाई: टूलपोस्टला डायल टेकवा आणि हाताने चारही बाजूंनी दाबा. हात काढल्यावर काटा जागेवर येत नसेल, तर गिब सैल आहे.

ही पाच मापे वहीत तारीख घालून लिहा. प्रत्येक जोड बसवल्यावर तेच माप पुन्हा घ्यायचे आहे. पैसे सत्कारणी लागले की नाही, याचा दुसरा पुरावा नसतो.

पाया पक्का केल्याशिवाय पुढे जाऊ नका

पाचव्या मापात सापडणारी चूक बहुधा फुकटात जाते. गिबचे स्क्रू थोडे आवळा, स्लाइड पूर्ण लांबीवर एकसारखी जड फिरेपर्यंत जुळवा आणि लॉक नट घट्ट करा. त्याआधी स्लाइड खोलून कारखान्यातले चिकट ग्रीस आणि कडांवरची बर काढा. स्वस्त लेथमध्ये जोडणीची सफाई हाच बहुतेकदा पहिला अपग्रेड असतो.

तिसऱ्या मापातली चूक स्टँडशी संबंधित असू शकते, आणि इथे परभणीच्या जमिनीचा विचार करावा लागतो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरची फरशी पावसाळ्यात आणि मे महिन्यात एकाच पातळीत राहत नाही. लेथ जमिनीला किंवा भिंतीतल्या ब्रॅकेटला बोल्टने जखडला असेल, तर जमिनीची हालचाल बेडपर्यंत पोहोचते. म्हणून छोटा लेथ जाड चौकोनी पाइपच्या स्वतंत्र, कडक स्टँडवर बसवा आणि स्टँडला खाली जुळवता येणारे पाय द्या. दोन कॉलरची चाचणी वर्षातून दोनदा करा, उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. चकपासून लांबची कॉलर जाड येत असेल, तर टेलस्टॉककडच्या टोकाला लेथच्या तुमच्या बाजूच्या पायाखाली पातळ शिम घाला; बारीक येत असेल, तर मागच्या बाजूला घाला. इतका आखूड बेड फारसा पिळला जात नाही. शिमने फरक पडत नसेल, तर हेडस्टॉक बेडवर तिरका बसला आहे असे समजा, त्याचे बोल्ट सैल करून तो जुळवा.

मोठा चक : बॅकप्लेट आपल्याच स्पिंडलवर कापा

८० ऐवजी १०० मिमीचा चक ही सर्वांत जास्त मागणीची जोड. तो बसतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते. मधली प्लेट आणि चकची जादा जाडी यांमुळे जॉब बेअरिंगपासून आणखी बाहेर जातो, म्हणजे तेवढा कडकपणा घटतो. शिवाय बेडवर १८० मिमी जागा असली, तरी क्रॉस स्लाइडवर ती ११० मिमीच्या आसपास उरते. उघडलेले जॉ चकच्या घेराबाहेर येतात आणि स्लाइड खाली गेली, की आदळतात. तुमचे बहुतेक जॉब २० मिमीच्या आतले गोल बार असतील, तर मोठ्या चकपेक्षा ईआर ३२ कोलेट चक जास्त उपयोगी पडेल. त्याची कोलेट्स २० मिमीपर्यंतचा बार धरतात आणि प्रत्येक कोलेट साधारण १ मिमीपर्यंत आवळते. घेताना फ्लँजवर बसणारा प्रकार घ्या. मोर्स टेपर ३ च्या शँकचा प्रकार स्पिंडलचे भोकच बुजवतो, मग लांब बार मागून घालता येत नाही.

मोठा चक घ्यायचाच असेल, तर तयार प्लेट जशीच्या तशी लावू नका. तिचा अंतिम कट तुमच्याच लेथवर घेतला, की स्पिंडलची उरलीसुरली चूक प्लेटमध्येच सामावून जाते. क्रम असा ठेवा:

1. स्पिंडलचे नाक, म्हणजे प्लेट जिथे बसते तो भाग, पुसा. नख फिरवून बर लागते का बघा आणि लागली तर बारीक दगडाने काढा. इथे अडकलेला एक चिपही सगळी मेहनत वाया घालवतो.
2. प्लेट बसवा, बोल्ट आलटूनपालटून समोरासमोरचे आवळा, आणि प्लेट व स्पिंडल दोन्हींवर पंचने खूण करा. यापुढे प्लेट कायम याच जागी बसेल.
3. बीडाची (ओतीव लोखंडाची) प्लेट कोरडीच कापा, तेल-पाणी नको. बीडाचा काळा भुगा बेड खातो. बेड कागदाने झाका आणि काम झाल्यावर भुगा फुंकू नका, पुसून घ्या.
4. प्लेटचे तोंड फेस करा. चकच्या मागच्या खोबणीचा व्यास आणि खोली मोजा. प्लेटवरची पायरी खोलीपेक्षा सुमारे अर्धा मिमी कमी उंच ठेवा. चक बाहेरच्या सपाट कडेवर टेकला पाहिजे, पायरीच्या माथ्यावर नव्हे.
5. चार जॉच्या चकला पायरी अलगद बसेल एवढी ठेवा. तीन जॉच्या चकला ती खोबणीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी बारीक ठेवा. बोल्ट अर्धवट आवळा, चकमध्ये सरळ बार धरा, डायल बघत चक लाकडी हातोडीने हलकेच ठोका आणि काटा स्थिर झाला की बोल्ट पूर्ण आवळा.
6. वीज बंद ठेवून, जॉ पूर्ण उघडून चक हाताने एक फेरा फिरवा. काही घासत नाही ना, ते बघा.

पाचव्या पायरीवर एक रास्त आक्षेप घेतला जातो: पायरी सैल ठेवली, तर चक घसरणार नाही का? जोर पेलतो तो बोल्टच्या आवळणीने सपाट तोंडांमध्ये होणाऱ्या घर्षणावर. हलक्या कामात चक जागेवर राहतो. जोरात अडकलेला टूल किंवा चकवर बसलेला घाव त्याला सरकवू शकतो. म्हणून अशा प्रत्येक प्रसंगानंतर डायल पुन्हा लावायचा. ते नको असेल, तर चार जॉचा चक घ्या. त्यात प्रत्येक जॉब जुळवायला काही मिनिटे जातात, पण ०.०१ मिमीपर्यंत सरळ करता येतो आणि त्यासाठी चकची स्वतःची अचूकता लागतच नाही. बेअरिंगच्या बैठकीसारख्या कामाला घरगुती खर्चात त्याला तोड नाही.

टूलपोस्ट : दोष पोस्टचा की टूलचा?

जुन्या चार टूलच्या पोस्टवर प्रत्येक टूलखाली शिम घालावी लागते. कंटाळा येतो, उंची अंदाजाने ठेवली जाते आणि फिनिश बिघडते. नवा पोस्ट घेतल्यावर काम सुधारते, ते बऱ्याचदा टूल पहिल्यांदा बरोबर उंचीवर आल्यामुळे. हे आधीच तपासा: फिरत्या नव्हे, थांबलेल्या बारवर स्टीलची पातळ पट्टी उभी धरून टूलच्या टोकाने ती हलकेच दाबा. पट्टी उभी राहिली, तर उंची बरोबर. वरचे टोक तुमच्याकडे झुकले, तर टूल खाली आहे. पलीकडे झुकले, तर वर आहे. फेसिंग करताना मध्यभागी उरणारा ठिपकाही हेच सांगतो.

क्विक चेंज पोस्ट घेताना या गोष्टी बघा:

- लेथच्या आकाराला जुळणारा सर्वांत लहान क्रमांक घ्या. मोठा पोस्ट बसवला, की टूल सेंटरच्या उंचीपर्यंत खाली आणताच येत नाही.
- कंपाउंडच्या वरच्या तोंडापासून सेंटरपर्यंतची उंची मोजा. विक्रेत्याने दिलेल्या मापाशी ती ताडून बघा.
- पाचर सरकून आवळणारा प्रकार पिस्टनच्या प्रकारापेक्षा जास्त पृष्ठभागावर धरतो. थोडा महाग पडतो, पण पार्टिंग करताना फरक जाणवतो.
- होल्डर किती मिळतात आणि जादा होल्डर नंतर मिळतील का, हे विचारा. दोन होल्डरांचा क्विक चेंज पोस्ट वेळ वाचवत नाही.

कार्बाइड टीपबद्दल तर आणखी सावध राहा. २५ मिमीच्या एमएस बारला एचएसएस टूलसाठी मिनिटाला सुमारे ३२० फेरे पुरतात. कार्बाइड खुलते ते १,२०० च्या पुढे, आणि तेव्हा कटही जड लागतो. छोट्या लेथला हा वेग मिळतो, जोर मिळत नाही. म्हणून टीप घासते, थरथर होते आणि दोष मशीनच्या माथी येतो. दगडावर धार दिलेले एचएसएस टूल अशा मशीनवर उत्तम चालते. टीपच हवी असेल, तर सीसीएमटीऐवजी सीसीजीटी मागा. ती ॲल्युमिनियमसाठी म्हणून विकली जाते, पण तिची धार तीक्ष्ण असल्याने हलक्या कटात एमएसवरही छान फिनिश देते.

बेअरिंग : पहिल्या मापाने सांगितले तरच

या वर्गातल्या बऱ्याच लेथमध्ये ६२०६ क्रमांकाची साधी बॉल बेअरिंग असतात. त्यांच्या जागी ७२०६ अँग्युलर कॉन्टॅक्ट किंवा ३०२०६ टेपर रोलर बसवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तिन्हींचे आतले माप ३० आणि बाहेरचे ६२ मिमी. पण रुंदी ६२०६ आणि ७२०६ ची १६ मिमी, तर ३०२०६ ची १७.२५ मिमी. टेपर रोलर घातले, की प्रत्येक बाजूला सव्वा मिमीची अडचण उभी राहते आणि स्पेसर किंवा कव्हर कापावे लागते. ७२०६ जशीच्या तशी बसते, फक्त तिची दिशा उलटसुलट लावू नका. दोन्ही प्रकारांत प्रीलोड नटने द्यायचा असतो: अर्धा तास मध्यम वेगाने चालवल्यावर हेडस्टॉक कोमट लागावा, हात ठेवता येऊ नये इतका तापू नये. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात जी आवळणी जास्त वाटते, तीच डिसेंबरात योग्य वाटेल, म्हणून उन्हाळ्यात जुळवताना घाई करू नका. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू नका. लांब स्टड, नट आणि जाड वॉशर घेऊन ओढून बसवा.

मोटर, व्हीएफडी आणि वीज

सोबतची डीसी ब्रश मोटर कमी वेगात जोर सोडते; व्होल्टेज पडले की तिचे कार्डही जळू शकते. पर्याय तीन आहेत. पायऱ्यांच्या पुलीसह साधी सिंगल फेज मोटर सर्वांत स्वस्त आणि दणकट. शिलाई यंत्राची सर्व्हो मोटर सहज मिळते, पण अगदी कमी वेगात तिची परीक्षा होते. थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी ही जोडी सर्वांत चांगली. व्हीएफडी सिंगल फेज घेऊन थ्री फेज देतो. गावठाणात कायम थ्री फेज मिळेल याची खात्री नसते, म्हणून त्याचा उपयोग जास्तच. त्यातल्या चुका मात्र महागात पडतात:

- सिंगल फेज व्हीएफडीतून २३० व्होल्टच निघतात. लहान थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेली असते. तिच्या पाटीवर २३०/४१५ आहे का बघून जोडणी डेल्टा करून घ्या.
- व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच लावू नका. चालू-बंद आणि उलट-सुलट हे व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच करा.
- फार कमी वेगात मोटरचा स्वतःचा पंखा पुरेशी हवा देत नाही. पुलीच्या पायऱ्या काढून टाकू नका. जड कामाला पुली बदला.
- वीज बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भारलेले असतात. झाकण उघडण्याआधी किमान दहा मिनिटे थांबा.
- चक आट्यांवर बसणारा असेल, तर उलटे फिरवणे आणि झटक्यात ब्रेक लावणे, दोन्हींनी तो सुटू शकतो. ब्रेकचा वेळ वाढवून ठेवा.
- आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून काढून टाकू नका. व्हीएफडीला चालणारा प्रकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. उन्हाळ्यात काळी जमीन कोरडी पडली, की अर्थिंग कमजोर होते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

आणखी एक मोह टाळा. शेतीपंपाच्या जोडणीवरून लेथला थ्री फेज घेणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. घरच्या मीटरवर स्वतःपुरते काम करायला हरकत नसते. पैसे घेऊन काम करणार असाल, तर घरगुती दर किती युनिटांपर्यंत लागू राहतो, हे चालू दर आदेशात बघून घ्या किंवा महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारा.

‘मग जुना मोठा लेथच का नको?’

छोट्या मशीनवर खर्च करण्यापेक्षा सेकंडहँड साडेचार फुटी लेथ घ्यावा, असा सल्ला जाणकार देतात. त्यात तथ्य आहे. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे किंवा एचएमटीचे जुने लेथ आजही काम देतात, आणि वजन हाच त्यांचा गुण आहे. पण तोच गुण घरात अडचण होतो: उतरवायला क्रेन किंवा चेन ब्लॉक लागतो, फाउंडेशन लागते, आणि काळ्या मातीवरचे फाउंडेशन खोल व भक्कम हवे. शिवाय अशा मशीनचा बेड चकजवळ झिजलेला असेल, तर ती झीज घरी भरून निघत नाही. बेड ग्राइंडिंगला बाहेर पाठवावा लागतो. तेव्हा निर्णय पुन्हा कामावरच येतो. ५० मिमीहून जाड शाफ्ट नेहमी येत असतील, तर छोट्या लेथला जोड देत बसू नका. कधीमधी येत असतील, तर तेवढे काम गावातल्या वर्कशॉपला द्या. आणि जॉब लहानच असतील, तर वर सांगितलेली मापे घेऊन छोटा लेथ नीट करणे हाच स्वस्त मार्ग आहे.

बिल, परतफेड आणि तुमचे हक्क

जोडसाहित्य बहुधा ऑनलाइन मागवले जाते. चुकीच्या मापाची वस्तू आली, तर पुढील गोष्टी माहीत असू द्या:

- पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या आणि बसवण्याआधी मापे घ्या. कापलेली किंवा भोके पाडलेली प्लेट कोणी परत घेत नाही.
- ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे असते. आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचे नाव असायला हवे.
- दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. त्यानंतर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही शहरातला असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.
- ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, म्हणून ग्राहक नाही’ असे उत्तर मिळाले, तर स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने वगळलेली नाही, हे लेखी कळवा. बिल तुमच्या नावाचे असले पाहिजे. रोखीत, बिलाविना घेतलेल्या मालावर हे हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

क्रम आणि थांबण्याची जागा

बहुतेक घरगुती लेथला पुढील क्रम लागू पडतो. तुमच्या मापांनी वेगळे सांगितले, तर मापांचे ऐका:

1. डायल गेज, मायक्रोमीटर, गॉगल आणि चकचे गार्ड.
2. सफाई, गिब, स्टँड, अर्थिंग.
3. धार दिलेली एचएसएस टूल्स आणि बरोबर उंची.
4. चार जॉचा चक किंवा ईआर ३२ कोलेट.
5. क्विक चेंज टूलपोस्ट.
6. मोटर, गरज असेल तर बेअरिंग, आणि सर्वांत शेवटी डीआरओ. तो क्रॉस स्लाइडवर लावताना व्यास दाखवतो की त्रिज्या, आणि कॅरेजचा लॉक किंवा टेलस्टॉक अडत नाही ना, ते आधी बघा.

डायल आणि मायक्रोमीटरवर खर्च कशाला, ही शंका शेवटी उरतेच. ही दोन्ही उपकरणे कुठल्याही लेथवर चालतात आणि उद्या मशीन विकले तरी तुमच्याकडेच राहतात. टूलपोस्ट आणि चक मात्र त्या मशीनबरोबर जातात. वेळेचेही तसेच: मृगाच्या तोंडावर पेरणी यंत्रांची दुरुस्ती दारात आली असताना लेथ उघडून बसू नका, एका वेळी एकच बदल करा आणि माप घेतल्याशिवाय दुसरा हाती घेऊ नका. तुमच्या नेहमीच्या कामाला जेवढी सूट चालते, त्याच्या आत मशीनची चूक आली, की खरेदी थांबवा. २५ मिमीच्या शाफ्टवरची ती १३ मायक्रॉनची बैठक छोट्या लेथवरही होते: चार जॉच्या चकमध्ये शाफ्ट जुळवा, ०.०२ मिमी जास्त ठेवून टर्निंग थांबवा, जॉब निवू द्या, आणि उरलेले माप बारीक एमरी पेपरने, हात जॉपासून दूर ठेवून, दर वेळी मायक्रोमीटर लावत उतरवा.